पार्किंगमधली वीस मिनिटं

(पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात देतेय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

पत्र लिहिणारे ३६ वर्षांचे आहेत, लग्नाला सहा वर्षं झाली. पाच महिन्यांपूर्वी अकराव्या आठवड्यात त्यांच्या बायकोचं मिसकॅरेज झालं. डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही, पुढच्या वेळी सगळं नीट होईल. बायको पंधरा दिवसांत कामावर गेली, दिवसभर ठीक असते, पण रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी अचानक रडते. त्या आठवड्यात जड सामान उचललं म्हणून झालं असं तिच्या डोक्यात बसलंय. यांनी खूप प्रयत्न केले, जोक केले, ट्रिपचे प्लॅन दाखवले, पॉझिटिव्ह राहा म्हणून समजावलं, सोनोग्राफीची फाइल तिच्या नजरेला पडू नये म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवली. कुठेतरी दुःखाच्या पाच स्टेज (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) वाचल्या, त्यानुसार एव्हाना ती शेवटच्या स्टेजला यायला हवी होती असं त्यांना वाटतं. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "तुला काहीच वाटत नाही." ते त्यांना फार लागलं. ते विचारतात, "तिला यातून बाहेर कसं काढू? दोघंही रडत बसलो तर घर कसं चालेल, कोणीतरी खंबीर राहायला नको का?" आणि पत्राच्या शेवटी, नमस्काराच्या आधी, एक ओळ: "हल्ली ऑफिसवरून आलो की पार्किंगमध्ये गाडीत वीसेक मिनिटं नुसता बसतो, मग वर जातो."

----

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. तुम्ही ती अशी टाकलीय जणू काही विशेष नाही, जाता जाता सांगितलं. पण मला विचाराल तर खरं पत्र तीच ओळ आहे, बाकीच्या दोन पानांत तुम्ही बायकोबद्दल लिहिलंय आणि त्या एका ओळीत स्वतःबद्दल. त्या ओळीकडे परत येऊच.

आधी तुमचा प्रश्न. "तिला यातून बाहेर कसं काढू?" यात एक गोष्ट धरून चाललोय की ती कुठेतरी अडकलीय, खड्ड्यात वगैरे, आणि तुम्ही काठावर दोरी घेऊन उभे आहात. मला पत्र वाचून तसं चित्र दिसलं नाही. ती कामावर जातेय, दिवसभराचं सगळं करतेय, आणि रात्री किंवा सुट्टीला, जेव्हा हातात काम नसतं आणि शेजारी आपलं माणूस असतं, तेव्हा तिला रडू येतं. शोकाचा अभ्यास करणारे मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली हेच मांडलं, की माणूस दुःखात असतो तेव्हा तो दोन्हीकडे ये-जा करत असतो, थोडा वेळ दुःखाकडे, थोडा वेळ रोजच्या कामांकडे, परत दुःखाकडे, आणि या ये-जा करण्यातूनच तो हळूहळू सावरतो. म्हणजे तुमची बायको जे करतेय ते बऱ्यापैकी असंच दिसतं. तुम्हाला दिवसाची ती बरी वाटते आणि रात्रीची बिघडलेली वाटते, पण माणूस एकच आहे.

त्या पाच स्टेजचं पण सांगून टाकते कारण त्यांच्यामुळे लोकांना उगाच टेन्शन येतं. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंट्सशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या दुःखाला त्या नंतर लावल्या गेल्या, आणि पुढे तर एखाद्या टाइमटेबलसारख्या, म्हणजे या महिन्यात राग, पुढच्या महिन्यात स्वीकार, की झालं. असं कोणाचंच होत नाही. २०२० मध्ये मिसकॅरेज किंवा एक्टोपिक प्रेग्नन्सीतून (गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतो ती) गेलेल्या साडेसहाशेच्या वर बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एका महिन्यानंतर २९ टक्के बायकांमध्ये आघातानंतरच्या ताणाची लक्षणं होती, म्हणजे डोळ्यांसमोर तेच येणं, दचकणं, त्या आठवणी टाळणं वगैरे, आणि नऊ महिन्यांनंतरही १८ टक्क्यांमध्ये ती होती. तुम्ही पाचव्या महिन्यात "अजून?" विचारताय. हो, अजून.

आता थोडं कडू बोलते, रागावू नका. जोक, ट्रिप, पॉझिटिव्ह राहा, फाइल लपवणं, हे सगळं तुम्ही प्रेमानेच केलंत, त्याबद्दल मला शंका नाही. पण एकदा स्वतःला विचारून बघा की तिचं रडणं थांबल्यावर सगळ्यात आधी हायसं कोणाला वाटतं? ती रडायला लागली की तुमच्या छातीत काय होतं? मला वाटतं तिथे काहीतरी घट्ट आवळतं, आणि ते सोडवायचा एकच मार्ग तुम्हाला माहितीये, तो म्हणजे तिला गप्प करणं. आपल्या सगळ्यांचं हेच आहे हो. लहान मूल पडलं की आपण धावत जातो आणि म्हणतो "गप गप, काही नाही झालं." गुडघ्यातून रक्त येतंय आणि आपण सांगतोय काही नाही झालं! आपली भाषाच बघा, रडणाऱ्याची आपण "समजूत काढतो", जसं काही त्याचा काहीतरी गैरसमज झालाय. आणि त्याच भाषेत "रडून मोकळं होणं" पण आहे, म्हणजे आपल्याला माहीत आहे, फक्त समोर कोणी रडायला लागलं की आठवत नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीचा घटस्फोट झाला तेव्हा मी तिला वर्षभर "तू खूप स्ट्राँग आहेस गं" म्हणत राहिले, फोनवर, मेसेजवर, भेटल्यावर, मनापासून म्हणायचे आणि मला वाटायचं मी आधार देतेय. बऱ्याच काळाने तिने मला सांगितलं, तू स्ट्राँग म्हणालीस की मला वाटायचं आता हिच्यासमोर रडायची सोय संपली, मग मी घरी जाऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. मला तो नळ अजून ऐकू येतो. म्हणून "पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य वाचलं की मला समोरचं माणूस दिसतं, ज्याला आता उठून दुसऱ्या खोलीत जावं लागणार आहे.

मग "खंबीर" म्हणजे काय? तुमच्या हिशोबात खंबीर म्हणजे चेहऱ्यावर काही दिसू न देणं. हा हिशोब तपासून बघू. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये लोकांना दुःखी करणाऱ्या फिल्म दाखवल्या आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. त्यांनी नाही दाखवलं, पण आतलं दुःख काही कमी झालं नाही, उलट शरीरावर ताण जास्त आला. म्हणजे आवंढा गिळला तरी तो पोटात जाऊन विरघळत नाही. २००३ मधला एमिली बटलर आणि ग्रॉस वगैरे मंडळींचा प्रयोग तर तुमच्या घरासाठीच केलाय असं वाटतं. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या केल्या, अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि तिच्यावर एकमेकींशी बोला म्हटलं, पण काही जोड्यांमध्ये एकीला गुपचूप सांगून ठेवलं की तू भावना दिसू द्यायच्या नाहीत. दुसरीला याचा पत्ता नाही. तरी त्या दुसरीचं ब्लड प्रेशर वाढलं, आणि समोरचीशी सूर जुळला असं तिला वाटलं नाही. दोन अनोळखी बायका, एका गप्पांत! आणि तुम्ही पाच महिने एका घरात कोरा चेहरा घेऊन फिरताय. "तुला काहीच वाटत नाही" हा आरोप वाटला तुम्हाला, मला ते वाक्य जरा वेगळं ऐकू आलं. ती इतके दिवस तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधतेय आणि तिला सापडत नाहीये.

"दोघंही रडत बसलो तर घर कसं चालेल" असं तुम्ही विचारलंत. चालेल. एक रात्र भांडी तशीच राहतील. माणसं अशी सतत रडत नाहीत, भावना लाटेसारखी चढते आणि तिला अडवलं नाही तर उतरते पण. ती जास्त टिकते ती अडवल्यामुळे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७ मधला प्रयोग प्रसिद्धच आहे, लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि केलात तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या, आणि नंतर जेव्हा विचार करायची मोकळीक दिली तेव्हा तर या लोकांच्या डोक्यात अस्वल जास्तच आलं, ज्यांना आधी मनाई नव्हती त्यांच्यापेक्षा जास्त. तुम्ही फाइल ऑफिसमध्ये नेऊन ठेवलीत. रोज तो ड्रॉवर उघडताना तुमची घंटी वाजत नाही का?

बरं, आता एक फरक सांगते तो नीट धरा, कारण तुमच्यासारखे बरेच लोक इथे गोंधळतात. भावना मान्य करायची म्हणजे समोरचा बोलेल ते प्रत्येक वाक्य खरं मानायचं असं नाही. "मला खूप वाईट वाटतंय" याच्यावर वाद नाही घालता येत. पण "मी जड सामान उचललं म्हणून झालं" हा एक दावा आहे आणि तो बहुतेक चुकीचाच आहे. पहिल्या तीन महिन्यांतली निम्म्याच्या आसपास मिसकॅरेज गर्भातल्या गुणसूत्रांच्या गडबडीमुळे होतात, आणि ती गडबड बहुतेक वेळा अगदी सुरुवातीला, गर्भ तयार होतानाच झालेली असते, तिचा पिशवी उचलण्याशी, जिना चढण्याशी, ऑफिसमधल्या टेन्शनशी संबंध नसतो. २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने जगभराचा अंदाज छापला होता, वर्षाला साधारण २ कोटी ३० लाख मिसकॅरेज, म्हणजे ज्या प्रेग्नन्सी लक्षात येतात त्यांतल्या जवळजवळ १५ टक्के. इतक्या सगळ्या बायकांनी काही सामान उचललं नव्हतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, हे आकडे तुम्ही तिला कधी सांगता त्यावर सगळं आहे. ती रडत रडत म्हणाली माझ्यामुळे झालं, आणि तुम्ही लगेच "अगं नाही, सायन्स बघ काय म्हणतंय" सुरू केलंत, तर माहिती बरोबर असूनही तिला कळणार एवढंच की याला हा विषय आवरायचाय. आधी ते वाक्य पूर्ण होऊ द्या. "म्हणजे तू पाच महिने हे डोक्यात घेऊन फिरतेयस?" एवढंच विचारा आणि थांबा. ती सांगेल कुठली पिशवी, कुठला दिवस, किती वाजले होते, तिच्याकडे सगळा तपशील असेल बघा. तो सगळा ऐकून झाल्यावर, त्याच रात्री नाही तर दुसऱ्या दिवशी, म्हणा की डॉक्टरांकडे दोघं जाऊ आणि हाच प्रश्न समोर बसून विचारू. डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं आणि नवऱ्याने रडू थांबवण्यासाठी सांगणं यात फरक पडतो. आणि तरीही तेच तेच "मी का उचललं, मी का गेले" असं तासन् तास चालू राहिलं, त्यातून दुःख हलकं व्हायच्या ऐवजी फक्त दोरा गुंडाळल्यासारखं होत राहिलं, तर ते दुःख व्यक्त करणं राहत नाही, तो विचारांचा भोवरा असतो. त्या वेळी हात धरून उठवून चालायला नेणं चांगलंच. तुमची ट्रिपची कल्पना वाईट नव्हती, वेळ चुकली.

ती रडते तेव्हा नेमकं करायचं काय, हा प्रश्न राहतोच. फार काही नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, उलटा नाही, दुसऱ्या खोलीत. जवळ बसा. टिश्यू लगेच पुढे करू नका, विचित्र वाटेल ऐकायला पण टिश्यू पुढे केला की बऱ्याच जणांना "पुस आता" असंच ऐकू येतं, तिला हवा असेल तर ती घेईल, हाताशी असला म्हणजे झालं. "ठीक आहेस ना?" विचारू नका, त्याचं उत्तर "हो" हेच असतं. "आज जास्त आठवण आली का" विचारून बघा. काय बोलावं सुचलं नाही तर "मला काय बोलावं सुचत नाहीये, पण मी इथे आहे" हे पण वाक्यच आहे. आणि सल्ला द्यायची फारच सुरसुरी आली तर सरळ विचारा, "नुसतं ऐकू की काही सुचवू?" पहिल्या दोन-तीन वेळा तुम्हाला भयंकर अवघडल्यासारखं होईल, घड्याळ थांबल्यासारखं वाटेल, पाय हलायला लागतील. ते होऊ द्या. तिची भावना सहन करायची म्हणजे आधी स्वतःचे हलणारे पाय सहन करायचे असतात.

(हे फक्त मिसकॅरेजपुरतं नाहीये. मला गेल्या महिन्यात दोन पत्रं आली, एक मुलगा नापास झाल्यावर महिनाभर गप्प आहे म्हणून त्याच्या आईचं, दुसरं आई गेल्यावर वडील चिडचिडे झालेत म्हणून मुलीचं. त्यांनाही मी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं असतं. फक्त एक, भावनेला परवानगी म्हणजे वागण्याला सरसकट परवानगी नाही. वडिलांना राग येऊ दे, पण त्यांनी ताट भिरकावलं तर ते चालणार नाही असं सांगायचं, आणि राग येतोय हे कळतंय असंही त्याच दमात सांगायचं.)

आता तुमच्याकडे. तुमच्या दोन पानांत "तिला" हा शब्द किती वेळा आलाय मोजलं नाही, पण "मला वाईट वाटलं" एकदाही नाहीये. तुम्हीही अकरा आठवडे बाप होणार होतात. पहिल्यांदा कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत? कोणाला फोन केलात? नाव मनात आलं होतं का? ही उत्तरं मला नको आहेत, पण ती तुमच्याकडे असणार आणि पाच महिन्यांत ती तुम्हाला एकानेही विचारली नसणार. नवऱ्याला सगळे विचारतात "ती कशी आहे?", तुम्हीही तसंच उत्तर द्यायला शिकलात.

रडायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही हां. काही माणसं रडत नाहीत, ती हाताने काहीतरी करतात, चालतात, गप्प बसतात, आणि ती पण दुःख करण्याचीच रीत आहे. तुम्ही फाइल सांभाळून ठेवलीत, फेकली नाहीत, हेही मी वाचलंय. पण जे आहे त्याला निदान नाव द्या. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी होताना दिसते, हे मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ब्रेन स्कॅनवर पाहिलं होतं. "टेन्शन आलंय" हा शब्द नाही, ती पिशवी आहे, तिच्यात आपण काहीही कोंबतो. आत बघा, भीती आहे का? परत असंच झालं तर, ही? की राग, सगळे "पुढच्या वेळी होईल" म्हणतात त्याचा? की लाज, की त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुम्हाला काहीच करता आलं नाही? बोलायला जड जात असेल तर लिहून काढा, पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार दिवस, कोणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. तुम्हाला लिहिता येतं, हे पत्र त्याचा पुरावा आहे.

सायकॉलॉजिस्टकडे कधी जायचं तेही सांगते. दोघांपैकी कोणालाही सलग दोन आठवडे दिवसाचा बराचसा वेळ उदास, कशातच मन नाही, झोप-जेवण बिघडलेलं असं झालं, किंवा त्या दिवसाचं दृश्य परत परत डोळ्यांसमोर येऊन दचकायला होत असेल, तर जा, थांबू नका. आणि जगायची इच्छा नाही असं कोणाच्या तोंडून एकदा जरी निघालं तर त्याच दिवशी, डॉक्टर किंवा हेल्पलाइन जे आधी मिळेल ते. दोघांनी मिळून गेलात तर फार चांगलं. "तिला दाखवायला" नेऊ नका.

एक तारीख आहे जी तुम्ही लिहिली नाहीत, पण मी बोटं मोजली. अकरावा आठवडा, त्याला पाच महिने झाले, म्हणजे डॉक्टरांनी दिलेली डिलिव्हरीची तारीख आता साधारण दीड-दोन महिन्यांवर आली असेल. तुम्हाला आठवो न आठवो, तिला ती पाठ असणार. ती तारीख गुपचूप निघून जावी म्हणून त्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका, ट्रिप तर नकोच. आधीच विचारा, "त्या दिवशी काय करूया? सुट्टी घेऊ का?" ती कदाचित म्हणेल काही नको. चालेल, तिला कळलं ना की तुम्हालाही तारीख माहितीये.

फाइलचं तिला आधी सांगा, एकदम समोर आणून ठेवू नका. "मी ती ऑफिसमध्ये ठेवलीय, मला वाटलं तुला त्रास होईल, आणि खरं सांगायचं तर मला बघवत नव्हती." ठेवायची कुठे ते तिने ठरवू दे. तिने आधीच कपाटं धुंडाळून झाली असतील, आणि त्यावरून चिडली तर चिडू द्या.

आणि ती वीस मिनिटं. ती बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, तुमच्या अख्ख्या दिवसात तेवढीच जागा आहे जिथे तुम्हाला खंबीर राहावं लागत नाही. फक्त एखाद्या संध्याकाळी, इंजिन बंद केल्यावर, तिला फोन लावा आणि म्हणा, मी खाली आहे, वर यायला जमत नाहीये, तू येतेस का पाच मिनिटं? शेजारची सीट रिकामीच असते.